जुने कारखाने : पाडावे की नांदवावे?

कारखाना बंद पडला की त्याची इमारत पाडून टाकावी, असे पुष्कळांस वाटते. आमचे मत निराळे आहे. भिंती भक्कम असतील तर तेथे माणसांचा संसार नांदू शकतो. मात्र तो कोणाचा, हे आधी ठरले पाहिजे.

व्हिएन्ना शहराचे उदाहरण घ्या. तेथे १८९६ ते १८९९ या काळात वायू साठविण्यासाठी चार अजस्र टाक्या उभारल्या गेल्या व प्रत्येकीभोवती विटांची सुमारे ७० मीटर उंच गोल वास्तू बांधली गेली. १९८४ मध्ये त्यांचे काम संपले. परंतु १९७८ सालीच त्यांना संरक्षित वास्तूंचा दर्जा मिळाला असल्यामुळे त्यांवर घाव पडला नाही. १९९९ ते २००१ या अवधीत बाहेरच्या भिंती राखून तेथे शेकडो सदनिका, दुकाने आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृहही थाटण्यात आले. काही वास्तूंत मध्ये चौक सोडून उजेड खाली आणला आहे. गोमंतकातील घरांचे राजांगण ज्यांनी पाहिले, त्यांस ही युक्ती परकी वाटणार नाही.

आता मुंबईकडे वळू. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या मुलखात कित्येक घरांच्या चुली एके काळी गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटत. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या थंडावल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे तीन वाटे योजले होते : एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सामान्यांच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ साली ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि पहिले दोन वाटे आक्रसले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला. आज कोठे एखादे धुराडे शोभेसाठी उभे आहे. भोवती श्रीमंती दुकाने, मनोरे व हॉटेले आहेत.

जुन्या वास्तूची डागडुजी खर्चाची असते, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही; जमिनीत मुरलेली विषारी द्रव्येही काढावी लागतात. तथापि भिंत पाडली की तिच्याबरोबर विटा, श्रम आणि आठवण तिन्ही वाया जातात. केवळ धुराडे राखल्याने कामगारांचे ऋण फिटत नाही. वास्तू राखावी, आणि तेथील काही घरे तरी ज्यांनी तेथे घाम गाळला त्यांच्या मुलानातवंडांस मिळावीत, असे आम्हांस वाटते.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या गावी एखादे बंद धुराडे दिसले, तर त्याखाली कोण राबत होते, हे घरच्या वडीलधाऱ्यांस अवश्य विचारा.