एका मिनिटाची मालकीण

पवईतल्या आमच्या गल्लीतली एक बाई दहाएक वर्षांपूर्वीच्या रमजानात एका मिनिटासाठी ८१ हजार रुपयांची मालकीण झाली होती. ते पैसे तिच्या हातात ठेवणाऱ्यांत मी होतो. पावतीही मीच लिहिली. त्यामुळे पुढचं सगळं मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहितोय असं कुणी समजू नये.

तिचं नाव सांगत नाही, मशिदीचंही नाही. नवऱ्याने तोंडी तलाक देऊन तिला घराबाहेर काढलं होतं. पदरात दोन मुली, आणि पोटासाठी हिरानंदानीतल्या तीन घरची धुणीभांडी. त्या रमजानात आमच्या कमिटीने जकातीचं आवाहन केलं ते तिच्यासारख्या बायकांच्या नावाने. मी पोरांच्या शिकवण्या घेतो, चार लोक मला मास्टर म्हणतात, म्हणून पावतीपुस्तक माझ्याकडे आलं. तलावाकडच्या टॉवरांमध्ये आपल्यातले इंजिनिअर, डॉक्टर, कंपन्यांत मोठ्या हुद्द्यावर असलेले लोक राहतात. त्यांच्या दारात उभा राहून मी तिची हकीकत सांगायचो. नाव घ्यायचो नाही, पण आवाज थोडा खाली आणायचो. आवाज खाली आणला की पाचशेच्या जागी दोन हजार मिळतात, हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं.

शेवटच्या अशऱ्यात समजलं की मशिदीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब पैशांवाचून अडलाय. आता जकात बांधकामाला चालत नाही, हे कमिटीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यात पहिले दोन फकीर आणि मिस्कीन. वसुली करणाऱ्यांचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. हनफी फिकहात तर आणखी स्पष्ट अट आहे: जकात अदा व्हायची तर ती हकदाराच्या मालकीची झाली पाहिजे. याला तमलीक म्हणतात. इमारत मालक होऊ शकत नाही, म्हणून इमारतीला जकात नाही.

मग आमच्यातल्या एका जाणत्याने हीला सुचवला. हीला म्हणजे शास्त्रातली पळवाट. पैसे गरिबाच्या हातात द्यायचे, तो मालक झाला, जकात अदा झाली. मग त्याने ते 'आपल्या खुशीने' संस्थेला परत द्यायचे. आता ती जकात राहिली नाही, देणगी झाली. कुठेही लावा. हा प्रकार आमच्या कमिटीने शोधलेला नाही. मदरशांच्या जगात तो जुना आहे आणि त्याच्या बाजूने बोलणारेही पुष्कळ आहेत. पण जे तो मान्य करतात त्यांच्याही पुस्तकात एक अट आहे: घेणाऱ्याला परत न देण्याची पूर्ण मोकळीक हवी. तशी मोकळीक नसेल तर ती तमलीक नाही, नाटक आहे.

तिला इशाच्या नमाजानंतर कमिटीच्या खोलीत बोलावलं. सहा पुरुष बसलेले, ती दाराशी उभी. रुमालात बांधलेले पैसे तिच्या हातात दिले. ती म्हणाली, "कबूल." मग सांगितल्याप्रमाणे म्हणाली, "मशिदीला दिले." मी पावती पुढे केली, तिने अंगठा उठवला. तिला एक रेशनचं किट आणि पाचशे रुपये मिळाले. जाताना दारात थांबून मला म्हणाली, "मास्टर, एक मिनट के लिए तो मेरे ही थे ना?"

तिला नाही म्हणायची मोकळीक होती का? त्याच कमिटीकडे तिच्या मोठ्या मुलीच्या फीचा अर्ज पडला होता. उद्या नवऱ्याशी बोलणी करायची तर हेच लोक मध्यस्थ. मुलींचे निकाह इथेच लागायचे, आणि मेल्यावर दफनाची चिठ्ठीही इथूनच निघणार. या सहा जणांत वाईट माणूस एकही नव्हता. २६ जुलै २००५ च्या पावसात यांच्यातल्याच दोघांनी रात्रभर अनोळखी लोकांना मशिदीत झोपवून खिचडी खाऊ घातली होती, मी स्वतः वाढप्या होतो. तरीही जे घडलं ते घडलं. दुबळ्या माणसाचा वापर करायला दुष्ट असावं लागत नाही. त्याच्या सगळ्या वाटा आपल्या दारातून जात असल्या की पुरे.

धर्माच्या नावावर फसवणूक म्हटलं की आपल्याला लोकलच्या डब्यात चिकटवलेले बाबा बंगालीचे कागद आठवतात. मूठकरणी, सौतन से छुटकारा, चोवीस तासांत इलाज. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो हवाच होता. पण त्या बाबाला हसणं सोपं आहे, कारण त्याला कुणी सलाम करत नाही. ज्यांना आपण उठून जागा देतो त्यांचं काय?

शाहबानोचं प्रकरण नव्या मुलांना नावापुरतंच माहीत असतं, म्हणून आकडे सांगतो. इंदूरची बाई, वकिलाची बायको, पाच मुलांची आई. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारानंतर १९७८ मध्ये तलाक मिळाला. खालच्या कोर्टाने महिना २५ रुपये पोटगी दिली, हायकोर्टाने ती १७९ रुपये २० पैसे केली. त्या १७९ रुपयांविरुद्ध नवरा सुप्रीम कोर्टात गेला आणि त्याच्या बाजूने उभं कोण राहिलं? मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि जमियत उलेमा-ए-हिंद. बोर्डाच्या स्थापनेआधीचं मोठं अधिवेशन डिसेंबर १९७२ मध्ये आपल्या मुंबईतच भरलं होतं. शरियतच्या रक्षणासाठी जमलेल्या मंडळींना पुढे शरियतला सगळ्यात मोठा धोका दिसला तो एका म्हातारीच्या पोटगीत.

२३ एप्रिल १९८५ ला ती जिंकली. मग मोर्चे निघाले, मुंबईतही निघाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिच्या नावाने खुलं पत्र प्रसिद्ध झालं की हा निकाल मला नको. खाली अंगठा. किती दडपण होतं ते तिच्या घरच्यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. जिंकलेल्या बाईकडून जिंकलेलं परत घ्यायचं आणि ते तिने खुशीने दिलं असं लिहून घ्यायचं. आमच्या कमिटीच्या खोलीत झालं त्याहून हे वेगळं कुठे आहे?

पुढची गोष्ट फार कमी लोक बोलतात. १९८६ चा कायदा करून घेताना सांगितलं गेलं की आपली बाई परक्या झालेल्या नवऱ्याच्या दारात हात पसरणार नाही, कौम तिला सांभाळेल. कायद्याच्या कलम ४ मध्ये तसं लिहिलंही: इद्दतीनंतर नातेवाईक सांभाळू शकत नसतील तर राज्याच्या वक्फ बोर्डाने पैसे द्यावेत. वाचायला किती छान. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, तामिळनाडूचं वक्फ बोर्ड सुप्रीम कोर्टात होतं. कशासाठी? एका तलाकशुदा बाईने कलम ४ खाली पैसे मागितले म्हणून. बोर्डाचं म्हणणं, तिने आधी नातेवाइकांवर एकामागून एक दावे लावावेत, मग आमच्याकडे यावं. कोर्टाने ते मानलं नाही. ज्या वचनाच्या बदल्यात कायदा मिळवला ते वचन मागणाऱ्या बाईला कोर्टात खेचलं गेलं, आणि त्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पैसाच नव्हता म्हणावं तर तसंही नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये हिशेब मांडला: देशात ४ लाख ९० हजारांहून अधिक नोंदलेले वक्फ, सुमारे ६ लाख एकर जमीन आणि वर्षाचं उत्पन्न १६३ कोटी. नीट वापर झाला तर तेच १२ हजार कोटी होऊ शकतं, असं समितीने म्हटलं. मधला फरक कुणाच्या ताटात गेला ते मुंबईकराला सांगायची गरज नाही. आल्टामाउंट रोडवर खोजा अनाथालयाची जमीन होती. २००२ मध्ये विश्वस्तांनी ती सुमारे २१ कोटींना विकली, आज तिथे अँटिलिया उभी आहे. विक्री कायदेशीर की बेकायदेशीर हा वाद वकिलांनी घालावा. जमीन यतीम मुलांसाठी दिलेली होती, याबद्दल तर वाद नाही ना?

आता मला ठरलेला प्रश्न विचारला जाईल. मास्टर, हीच वेळ सापडली का? २०२५ चा वक्फ दुरुस्ती कायदा डोक्यावर आहे, बोर्डात मुस्लिमेतर सदस्य घालून झाले, बुलडोझर दारात आहेत, आणि तुम्ही घरची धुणी चव्हाट्यावर धुता? तो कायदा आपल्या बायका-पोरांच्या भल्यासाठी आणला असं मला मुळीच वाटत नाही. २०१९ च्या तलाकच्या कायद्यातही तेच झालं: नवऱ्याला तीन वर्षं तुरुंगाची तरतूद, पण तो आत गेल्यावर बाईच्या घरात पीठ कुठून येणार याची फिकीर कुणाला नव्हती. सरकारनेही तिचा चेहराच वापरला. पण सरकारला तो वापरता आला, कारण ती आधीच एकटी पडली होती. आणि वेळेचं म्हणाल तर १९६६ मध्ये हमीद दलवाई सात बायकांना घेऊन विधानभवनावर गेले तेव्हाही ही वेळ नव्हे असंच सांगण्यात आलं होतं. साठ वर्षांत ती वेळ आलेली नाही.

१० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलं की तलाकशुदा मुस्लिम बाई कलम १२५ खाली पोटगी मागू शकते. चार दिवसांत पर्सनल लॉ बोर्डाच्या कार्यकारिणीने ठराव केला: निकाल शरियतविरोधी, तो बदलण्याचे मार्ग शोधू. तोपर्यंत बोर्डाच्या किंवा वक्फच्या पैशातून किती बायकांना दरमहा काय देऊ, याचा ठराव मात्र माझ्या वाचनात आला नाही.

दोन वर्षांनी मी कमिटीकडे त्या ८१ हजारांचा हिशेब मागितला. अध्यक्ष वयाने मोठे, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. रागावले नाहीत, उलट त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "मास्टर, अल्लाह के घर का हिसाब पूछता है?" मी म्हटलं, चाचा, अल्लाहच्या घराचा नाही, तिच्या घराचा विचारतोय. त्यावर चहा आला. विषय बदलला.

यंदाच्या रमजानाआधी पावतीपुस्तक पुन्हा माझ्याकडे आलं. मी दोन गोष्टी लिहून दिल्या: जमलेली जकात किती आणि कितीजणांना दिली, नावं न लिहिता, याचा कागद ईदनंतर मशिदीच्या फळ्यावर लागला पाहिजे, आणि वाटप ठरवणाऱ्यांत गल्लीतल्या दोन बायका असल्या पाहिजेत, त्यातली एक ती. पहिली अट बघू म्हणाले. दुसरीवर हसले. पुस्तक अजून माझ्या कपाटात कोरं पडलंय. तिची थोरली मुलगी बारावीला आहे, संध्याकाळी माझ्याकडे अकाउंट्स शिकायला येते.