जिद्दीच्या आधी शिधा

मागच्या थंडीत पारोळा तालुक्यातल्या एका शाळेत मुलींपुढे भाषण झालं. आमच्या गटाचं हिमोग्लोबिन तपासणीचं काम होतं, म्हणून मीही मागे बसले होते. पाहुण्यांनी अविनाश साबळेची गोष्ट सांगितली. बीड जिल्ह्यातलं, आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळेला सहा किलोमीटर पायी. बारावीनंतर मुलगा सैन्यात गेला आणि पुढे देशाचा धावपटू झाला. 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक घेतलं. पहिला आलेला केनियाचा खेळाडू त्याच्या पुढे होता सेकंदाच्या फक्त पाच शतांशांनी. 2023 साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याला सुवर्ण मिळालं. तेव्हा मुलींनो, जिद्द धरा, असं म्हणून पाहुणे बसले. टाळ्या झाल्या.

माझ्या शेजारची नववीतली मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, त्याले खावाले कोन देस?"

हा प्रश्न पाहुण्यांपर्यंत गेला नाही. गेला असता तर भाषण निराळं झालं असतं. म्हणून त्याचं उत्तर इथे लिहिते.

त्याला खायला सैन्याने दिलं. भरतीच्या दिवसापासून पगार, पोटभर जेवण, बूट, औषधपाणी आणि राहायला बराक. आणि लक्षात घ्या, साबळे सैन्यात गेला तो धावपटू म्हणून नव्हे. 5 महार रेजिमेंटचा साधा जवान म्हणून गेला. 2013-14 साली सियाचीनच्या बर्फात होता, मग राजस्थानच्या वाळवंटात, मग सिक्कीममध्ये. क्रॉस-कंट्रीत तो 2015 साली उतरला. पुढे सैन्यातले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. म्हणजे आडव्या लाकडी अडथळ्यांवरून आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या घेत धावण्याची शर्यत. 2018 साली त्याने गोपाल सैनीचा 37 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. भरतीपासून विक्रमापर्यंत निदान पाच वर्षं गेली. या पोराच्या पायांत काय आहे हे कुणालाच, त्यालाही, ठाऊक नसताना त्याला पोसलं गेलं. त्याच्या कष्टांत मी तसूभरही कमी करत नाही. पण कष्ट मांडव्याच्या वीटभट्टीवरही होतेच. ते करून त्याच्या आईला कुठलं पदक मिळालं?

आता त्याच शर्यतीतली बाई पाहा. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही गाव, तेही दुष्काळीच. तिथली ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत सलग तीनदा पहिली. 2014 साली स्टीपलचेसकडे वळली आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत कांस्य. 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी. पी. टी. उषानंतर, म्हणजे 1984 नंतर, ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. साबळे 2024 साली पॅरिसच्या अंतिम फेरीत अकरावा आला. ललिता त्याच्या आठ वर्षं आधी दहावी आली होती. आपल्या किती मुलींना हे नाव माहीत आहे? पाहुण्यांनाही माहीत नसावं. आणखी एक गोष्ट. ही शर्यत ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी 1900 साली आली, बायकांसाठी 2008 साली. एकशेआठ वर्षं बायकांना ती झेपणार नाही असं पुरुषांनीच ठरवलं होतं.

ललिताला रेल्वेने नोकरी दिली. नाशिकच्या सावरपाड्याची आदिवासी धावपटू कविता राऊत, हिला ओएनजीसीने दिली. चांगलंच झालं. पण खेळाडूंच्या जागांवरची नोकरी आधी धावून दाखवलेल्यांना मिळते. साबळेला शिधा आधी मिळाला, धावणं नंतर आलं. सगळा फरक इथे आहे.

2013 साली मांडव्याच्या एखाद्या मुलीने जवान व्हायचं ठरवलं असतं तर? दारच नव्हतं. डॉक्टर आणि परिचारिका सोडल्या तर 1992 पासून बाईला सैन्यात फक्त अधिकारी होता येत होतं. त्यासाठी पदवी हवी, मुलाखतीत चालेल असं इंग्रजी हवं. बारावी झालेल्या गरीब मुलासाठी जी जागा, तीच मुलीसाठी बंद. ती उघडली 2019 साली, तीही फक्त लष्करी पोलिसांत. 83 मुलींची पहिली तुकडी मे 2021 मध्ये बंगळूरला तयार होऊन बाहेर पडली. खेळाडू म्हणून सैन्य आता बायकांना घेतं. बॉक्सर जास्मिन लांबोरिया, नेमबाज प्रीती रजक या तशा आल्या. 2024 साली प्रीती सैन्यातली पहिली महिला सुभेदार झाली. पण या दोघी आल्या तेव्हा नावारूपाला आलेल्या होत्या. उभं पीक कापून नेणं वेगळं आणि पेरून, पाणी देऊन वाट पाहणं वेगळं. पेरणी मुलांच्या शेतात झाली. आठ-दहा वर्षांच्या गरीब मुलांना उचलून शाळा, जेवण आणि खेळ देणाऱ्या सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या कित्येक वर्षं चालू आहेत. मुलींचा तसा विचार अगदी अलीकडचा.

आणि भरतीच्या अटी? मुलगी अविवाहित हवी. विधवा, घटस्फोटित, कायद्याने विभक्त चालेल, पण मूल नको. सूट आहे ती फक्त सैनिकाच्या विधवेला. आपल्या खानदेशातल्या परित्यक्तांपैकी कितीजणींकडे विभक्त झाल्याचा कागद असतो, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

2022 पासून अग्निपथ आलं. चार वर्षांची नोकरी आणि मग चारांतले तीन घरी. साबळे त्यात भरती झाला असता तर विक्रमाच्या आधीच मांडव्याला परतला असता. म्हणजे मुलींसाठी दार किलकिलं झालं आणि त्याच सुमाराला आतलं घर आखूड झालं.

मैत्रिणी मला विचारतील, नव्हे, धुळ्याच्या बैठकीत एकीने विचारलंच, "आपण युद्धाच्या विरोधात बोलणाऱ्या. आता मुलींना बंदूक द्या म्हणून भांडायचं का?" प्रश्न खरा आहे. मलाही लष्करी शिस्तीचं कौतुक नाही. ती घरी येते तेव्हा बायकोच्या वाट्याला काय येतं हे आपण तक्रारअर्जांत वाचतो. पण गरिबाच्या पोराला पाच वर्षं विनाअट खाऊ घालणारी, त्याच्या शरीराची किंमत करणारी सरकारची दुसरी जागा मला दाखवा. ती फक्त गणवेशातच का असावी, हाच माझा वाद आहे. मला मुलीच्या हातात बंदूक नको आहे. तिच्या ताटात शिधा हवा आहे.

पहाटे पाचला अमळनेर किंवा शिरपूरच्या कुठल्याही रस्त्याला उभ्या राहा. ओढणी कमरेला बांधून मुली धावताना दिसतील. मैदान नाही म्हणून रस्त्यावर, ट्रक चुकवत. घरच्यांची अट असते, भाऊ सोबत हवा. भाऊ उठला नाही की त्या दिवशी धावणं नाही. सगळ्या पोलीस भरतीची तयारी करतात. भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. पोहणं, सायकल आणि धावणं मिळून होणारी ट्रायथलॉन ही शर्यत 2000 साली सिडनीला ऑलिंपिकमध्ये आली, ती पहिल्या दिवसापासून बायका-पुरुषांना सारख्या अंतराची. दीड किलोमीटर पोहायचं, चाळीस सायकल, दहा धावायचं. मी भरतीचं अंतर उद्याच दुप्पट करा म्हणत नाही. उपाशी मुलीला दुप्पट पळवणं म्हणजे समता नव्हे. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारचीच 2019-21 ची पाहणी सांगते. कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन ही मुलगी धावते, दहाला कापूस वेचायला जाते, आणि भरतीत नापास झाली की त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लागतं. मुलगा नापास झाला की पुढच्या भरतीची तयारी करतो. खाजगी अकादमीची फीही त्याच्यासाठीच निघते.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याला मुलींसाठी एक निवासी जागा हवी. मैदान, दूध-अंडी, प्रशिक्षक बाई, आणि किमान पाच वर्षांची हमी. मेडल दाखव मग जेवण, असं नको. लग्न झालेली, टाकलेली, मूल असलेलीही चालली पाहिजे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन तयार आहे. आपापल्या गावात पहाटे किती मुली धावतात, कुठे धावतात आणि सकाळी काय खाऊन निघतात, एवढं पुढच्या बैठकीआधी लिहून आणा. नावं नकोत, आकडे पुरेत. ती नववीतली मुलगी तिच्या गावचे आकडे आणणार आहे.