हेड गॅस्केटचं नाव घेण्याआधी

आमच्या बेळगावात जुन्या गाडीतलं पाणी कमी व्हायला लागलं की दोनच सल्ले मिळतात. घरातली वडीलधारी म्हणतात, "घाल की रे तांब्याभर आणि चालव." गॅरेजवाला म्हणतो, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागतंय." मला दोन्ही पटत नाहीत, आणि न पटण्याचं कारण आमच्या बाबांची गाडी.

१९९३ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, बेळगाव पासिंग. मास्तरकीच्या पगारातनं सेकंडहँड घेतलेली. आईचं माहेर साखळीकडं, त्यामुळं चवथीला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट हा रस्ता ठरलेला. २००५ साली येताना घाट चढला की काटा वर जायला लागला. कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाशी थांबायचं, इंजिन गार होईस्तोवर वाट बघायची आणि बाटलीनं पाणी घालायचं. देवदर्शनासारखं ते ठरूनच गेलं. गंमत म्हणजे गाडीखाली थेंब पडलेला कधी दिसला नाही. सकाळी चालू करताना मात्र सायलेन्सरातनं पांढरी वाफ, आणि पहिली दोन मिनिटं गाडी एका पायानं लंगडल्यासारखी चालायची.

एका गॅरेजनं (नाव घेत नाही) बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल दिला. हेड गॅस्केट, फेसिंग, आता उघडतोयच तर रिंगाही. अंदाज ऐकून बाबा म्हणाले, विकून टाकू. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना पणजीची पहिली एसटी किती वाजता सुटते ते विचारत होती.

मग उद्यमबागेकडच्या एका मिस्त्रींकडं गेलो. आधी फौंड्रीत काम केलेलं, नंतर पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या बघायचे. त्यांनी तीन प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. दोन तपकिरी, तिसरा धुतल्यासारखा स्वच्छ. ऑइलची पट्टी बघितली, दुधाळपणा नाही. रेडिएटरात बुडबुडे नाहीत. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिला, काटा हळूहळू उतरला, बाहेर कुठं ओल नाही. म्हणाले, "पाणी आतच जाऊलंय ओ मास्तर, पण हेडमधनं नव्हे. मॅनिफोल्ड बघू."

या इंजिनात इनटेक मॅनिफोल्डमधनंही पाणी खेळतं, थर्मोस्टॅट तिथंच बसतो. थंडीत पेट्रोलचं मिश्रण गरम राहावं म्हणून ती सोय. म्हणजे एकाच गॅस्केटवर हवेचं भोक आणि पाण्याचं भोक शेजारी शेजारी. मधली पट्टी खाल्ली गेली की इंजिन हवेबरोबर पाणीही ओढतं. वाफ तिथली, लंगडणं तिथलं, धुतलेला प्लगही त्याच सिलिंडरचा.

मॅनिफोल्ड उतरवलं, तर पाण्याच्या भोकाच्या कडेला ॲल्युमिनियम कीड लागलेल्या दातासारखं झालेलं. थर्मोस्टॅटच्या टोपीची तीच गत. रबरी पाइप ज्या लोखंडी नळीवर चढतो ती क्लिपखाली पार गंजलेली. मिस्त्रींनी विचारलं, "कूलंट काय घालताय?" बाबा म्हणाले, "विहिरीचं पाणी. आमची विहीर गोड आहे." मिस्त्री हसले नाहीत. नुसती ती टोपी बाबांच्या हातात दिली.

इथंच माझं मत बनलं. विहिरीचं पाणी माणसाला गोड लागलं तरी त्यात क्षार असतात, आणि गंज थांबवणारं तर काहीच नसतं. कूलंट फक्त थंडीच्या मुलखासाठी, आपल्याकडं बर्फ कुठं पडतो, हा वाद मी शंभर वेळा ऐकलाय. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं, दाबाखाली आणखी वर. आणि त्यातली गंजरोधक द्रव्यं हाच खरा फायदा. बाबांनी वाचवलेले पैसे त्या भोकाच्या कडेला खड्डे होऊन बसले होते.

दुसरं मत कामाबद्दल. एवढं उघडल्यावर नुसतं गॅस्केट बदलून बंद करणं मला शुद्ध आळस वाटतो. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट, टोपी, नळी, छोटे पाइप, सगळ्या क्लिपा बदलल्या. नवा थर्मोस्टॅटसुद्धा चहाच्या पातेल्यातल्या तापत्या पाण्यात टाकून उघडतो का ते बघितलं, मगच बसवला. जुनं गॅस्केट खरवडताना पोलादी पटाशी लावू दिली नाही; ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की तिथनं पुन्हा गळती. लाकडी पट्टी घेतली, आणि कचरा आत पडू नये म्हणून हेडच्या भोकांत चिंध्या कोंबल्या. मॅनिफोल्डचं फेसिंग उद्यमबागेतच झालं. नवं गॅस्केट कोरडंच बसवलं. मी सीलंटची ट्यूब आणली होती, ती परत खिशात घालायला लावली. नट मधनं सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत आवळले. शेवटी कॅप उघडी ठेवून इंजिन चालवलं, वरचा पाइप गरम होईपर्यंत हवा जाऊ दिली, पातळी भरली.

गॅस्केट शंभराच्या आत आलं. सगळं मिळून गॅरेजच्या अंदाजाचा सहावा हिस्सासुद्धा झाला नाही. हेड गॅस्केट जातच नाही असं मी म्हणत नाही. वारंवार तापवलेल्या गाडीचं जातंही. पण प्लग न काढता, दाब न देता कुणी ते नाव घेत असेल तर चावी परत मागून घ्यावी.

आणि काढलेलं कूलंट गटारीत ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. आम्ही ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून शेडमध्येच ठेवलं.

त्या वर्षीच्या दिवाळीला कणकुंबीला आम्ही सवयीनं थांबलोच. बाबांनी बॉनेट उघडलं, बाटलीतली पातळी बघितली, पुन्हा बंद केलं. आई गाडीतनं उतरलीच नाही, म्हणाली, "चला आता, तिकडं जेवायला थांबलेत." थोरले काका मात्र अजून त्यांच्या गाडीत विहिरीचंच घालतात. परवा फोन आला होता, काटा वर जातोय म्हणून.