कंबरदुखीचा फॉर्म भरताना

कंबर धरली म्हणून तुम्ही पुण्यात फिजिओथेरपिस्टकडे गेलात, तर बरेचदा ऑस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली हातात येते. १९८० सालची, इंग्लंडमधली. मूळ इंग्रजीत ती मैलांत चालणं आणि खुर्चीत बसणं विचारते. मांडी घालून बसणं, भारतीय संडास यांचा तिथे पत्ता नाही.

आता दुखणं असूनही माणूस किती तग धरतो, हे मोजणाऱ्या प्रश्नावल्याही आहेत. त्या मराठीत आणताना नुसते शब्द बदलून भागणार नाही, असं माझं मत आहे. ‘दुखत असूनही मी कामं चालू ठेवते’ याला आपल्याकडची बाई लगेच ‘हो’ म्हणेल. भाकऱ्या दुसरं कोण थापणार? हा नाइलाज आहे. कागदावर मात्र तो चिवटपणा म्हणून मोजला जातो, आणि जिला मदत हवी तीच ‘बरी आहे’ ठरते. म्हणून भाषांतरानंतर तीस-चाळीस रुग्णांना ‘यातून काय समजलं?’ असं विचारायची रीत आहे. ती पायरी गाळू नये.

तुम्हीही प्रश्न कळला नाही तर अंदाजाने खूण करू नका, विचारा. ठणका, कळ, चमक, जो शब्द तोंडात येईल तोच सांगा. भगभग आणि मुंग्या म्हणालात, तर आम्ही आधी नस तपासतो.