वाटणीत न बसणारा ठेवा

जुने घर उतरवून नवे बांधायचे ठरले की सर्वांत आधी माळा रिकामा होतो. चामोर्शीसारख्या गावात हा प्रसंग कोणत्याही कुटुंबाला अपरिचित नाही. तांब्या-पितळेची भांडी वजनावर जातात, सागवानी लाकडाला गिऱ्हाईक मिळते आणि कागदांनी भरलेली पेटी रद्दीवाल्याच्या हाती पडते. त्या पेटीत आजोबांनी जपलेली टपाल तिकिटे असतात, काडेपेट्यांचे छाप असतात, च्युइंगगमबरोबर मिळालेली क्रिकेटपटूंची चित्रे असतात. क्वचित एखाद्या घरात रंगीत, गोल पत्तेही निघतात. रद्दीच्या काट्यावर या साऱ्यांचे वजन नगण्य भरते. त्यांचे खरे मोल ओळखण्याची संधी मात्र तो काटा उचलला जाईपर्यंतच असते.

अशा चित्रांचा बाजार किती मोठा होऊ शकतो, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथे बेसबॉलपटूंची छोटी चित्रपत्रे पूर्वी सिगारेटच्या पाकिटात व पुढे च्युइंगगमबरोबर दिली जात. १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या ‘टी २०६’ नावाच्या मालेतील होनस वॅग्नर या खेळाडूचे पत्र आज जगात मोजकेच उरले आहे. २०२२ मध्ये त्याची एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली. त्याच वर्षी मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ सालचे पत्र १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. या दुसऱ्या मालेची कथा उद्बोधक आहे. ती काढणाऱ्या टॉप्स कंपनीतील साय बर्जर यांनी नंतर सांगितले की, न खपलेल्या चित्रांचे खोके गोदामात जागा अडवतात म्हणून १९६० च्या सुमारास ते बोटीतून नेऊन समुद्रात टाकण्यात आले. विकणाऱ्याला जे ओझे वाटले, तेच पुढे दुर्मीळ ठरले.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. हे भाव ऐकून १९८० नंतर अमेरिकेत घरोघरी लोकांनी नव्या मालांचे खोके न उघडता साठवले आणि कंपन्यांनीही अमाप छपाई केली. सर्वांनीच जपून ठेवलेल्या त्या मालांना आज फारसे कोणी विचारत नाही. केवळ जुनेपणाला भाव येत नाही. वस्तू कमी उरलेली असावी, चांगल्या स्थितीत असावी आणि तिची ओळख पटलेली असावी, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच ग्राहक थांबतो. त्यात चौथी भर पडते ती पूर्ण संचाची.

संचाचे महत्त्व समजण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सावंतवाडीत, गंजिफा तयार होतात. दशावतारी गंजिफेत १२० गोल पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने, अशी ती रचना आहे. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, अशा खुणांनी रंग ओळखला जातो. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचढ. प्रत्येक पान हाताने रंगवलेले व लाखेचा लेप दिलेले असते. छापील पत्त्यांच्या आगमनानंतर हा खेळ मागे पडला आणि कलाही विझू लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडी संस्थानाचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना काम दिले. २०२४ मध्ये सावंतवाडी गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता अशी कल्पना करावी की, जुन्या गंजिफेचा एक पूर्ण संच तीन भावांच्या घरात निघाला. वाटणी न्यायाची व्हावी म्हणून प्रत्येकाने चाळीस-चाळीस पाने घेतली. हिशेब चोख झाला. पण त्या चाळीस पानांनी कोणालाच डाव मांडता येत नाही आणि जाणकार संग्राहकही अपुऱ्या संचाला पूर्ण संचाचा भाव देत नाही. शेत वाटता येते, सोने वाटता येते. संच मात्र वाटला की संपतो. एकाने संच ठेवावा व इतरांना त्याचे मूल्य द्यावे, किंवा तो अखंड विकून पैसे वाटून घ्यावेत, हाच शहाणपणाचा मार्ग.

असा ठेवा हाती आल्यास प्रथम पाने मोजावीत व कोणती नाहीत याची यादी करावी. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. वस्तू कोणी, कोठून, केव्हा आणली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे; ही माहिती त्यांच्याबरोबरच जाते. उडालेला रंग पुन्हा भरू नये, चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे आवरण कायमचे चिकटवू नये. अशा दुरुस्तीने किंमत घटते. गडचिरोली भागातील पावसाळ्यात ओल, कसर आणि वाळवी या तिन्हींपासून कागद सांभाळावा लागतो. पेटी भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवावी, आणि लाखेच्या वस्तूंना ऊन दाखवू नये.

विक्रीपूर्वी कायदाही माहीत असावा. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि विशिष्ट मोलाची पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते पुरावशेष ठरतात. त्यांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. घरातील पोथ्यांच्या बाबतीतही हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. दारावर येऊन घाईने रोख रक्कम पुढे करणाऱ्याला म्हणूनच ‘विचार करून सांगतो’ हे उत्तर पुरेसे आहे.

विकणे गैर नाही. मुलीचे शिक्षण, घरातील आजारपण, अशा प्रसंगी ठेवा कामी आला तर तो सार्थकीच लागला. परंतु दुसराही मार्ग असतो. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे राहणारे जेफरसन बर्डिक हे विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारे साधे गृहस्थ. संधिवाताने हात आखडलेले असताना त्यांनी तीन लाखांहून अधिक चित्रपत्रे गोळा केली. १९३९ मध्ये त्यांनी त्यांची सूची काढली. ‘टी २०६’ हे नाव त्यांच्याच वर्गीकरणातून आले. पुढे त्यांनी सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि तेथे बसून स्वतःच्या हातांनी ती पत्रे वह्यांत लावली. जानेवारी १९६३ मध्ये हे काम पूर्ण झाले. मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. त्या संग्रहातील वॅग्नरचे पत्र आज कोणाच्याही तिजोरीत नाही, पाहणाऱ्या सर्वांचे आहे.

घरातला ठेवा ठेवावा, विकावा की द्यावा, हा ज्या त्या कुटुंबाचा निर्णय. तो निर्णय पाने मोजून, सर्वांनी एकत्र बसून घेतलेला असावा, आणि रद्दीवाला दारात येण्याआधी झालेला असावा.