संविधान शिकायचंय, पण कसं?

आमच्या हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळणारी सावित्री नदी महाडवरून येते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांच्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. हे वर्गात सांगितले, तशी दहावीतली एक मुलगी म्हणाली, "टीचर, मला संविधानच शिकायचंय. पुढे काय करू?"

मी उर्दू-मराठीची शिक्षिका. पीएचडीनंतर संविधानावर संशोधन करत विद्यापीठात शिकवण्याची पदे असतात, एवढे तिला सांगितले. पण पीएचडीपर्यंत पोहोचायचे कसे? अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. हे विद्यार्थी इतर योजनांत बसतातच, हे कारण दिले. बसतात, खरे आहे. पण तिथल्या जागांवर अनेकांचा हक्क. या जागा आपल्या मुलांसाठी राखलेल्या होत्या.

दुर्बल घटकांच्या शिक्षणाची विशेष काळजी घ्या, असे अनुच्छेद ४६ राज्याला सांगतो. संविधान शिकवणारी माणसे सर्व समाजांतून यावीत असे वाटत असेल, तर त्यांच्या शिकण्याचा खर्च आधी उचलावा लागेल. ही फेलोशिप पुन्हा सुरू झाली पाहिजे.

त्या मुलीला मी पूर्ण उत्तर अजून दिलेले नाही.