जुनेपणाचे दोन भाव

सिल्लोड परिसरातील दुरुस्तीच्या दुकानांत वीस-पंचवीस वर्षांचे ट्रॅक्टर आजही उघडून, घासून, पुन्हा जुळवून शेतावर पाठविले जातात. नवे घेणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी जुने जपणे ही गरज असते. याच्या अगदी उलट टोकाला एक हौस आहे: गेल्या शतकाच्या मध्यास युरोपात बनलेल्या ‘ग्रँड टूरिंग’ मोटारी विकत घेऊन बाळगण्याची. लांबचा प्रवास वेगाने आणि आरामात व्हावा म्हणून घडविलेल्या या मोटारी आता प्रवासासाठी क्वचितच घेतल्या जातात.

फेरारी कंपनीची ‘२५० जीटीओ’ १९६२ ते १९६४ या काळात जेमतेम तीन डझन तयार झाली. अमेरिकेत तेव्हा तिची किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती. २०१८ साली त्यांपैकी एक लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. मधल्या अर्धशतकात ती अधिक वेगवान झाली नाही. तिची मालकी तेवढी दुर्लभ ठरली. थॉर्स्टीन वेब्लेन यांनी १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली होती. आज तो उपभोगच गुंतवणूक झाला आहे.

हौसेशी आमचे भांडण नाही. उत्तम यंत्र जपणे हेही संस्कृतीचे जतन आहे आणि अजिंठ्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी तरी ते नाकारू नये. प्रश्न राज्यसंस्थेच्या तराजूचा आहे. पूर्वी १९५० च्या आधी बनलेल्याच जुन्या मोटारी भारतात आयात करता येत. २०२५ मध्ये ही अट सैल झाली आणि पन्नास वर्षांवरील मोटारींना दार उघडले. २०२१ च्या नियमांनी अशा वाहनांना स्वतंत्र नोंदणी आधीच दिली होती: प्रथम २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत आणि पुढील नोंदणीस ५ हजार. नित्य वापरास मनाई, प्रदर्शनास व फेरीस मुभा.

आता दुसरे पारडे पाहू. पंधरा वर्षांवरील साध्या मोटारीचे नोंदणी-नूतनीकरण शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजारांवर, तर दुचाकीचे ३०० वरून १ हजारावर गेले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीस १० हजार आणि दुचाकीस २ हजार रुपये लागू झाले. हे नूतनीकरण पाचच वर्षे टिकते. थोडक्यात, श्रीमंताचे जुने ते वारसा, गरिबाचे जुने ते भंगार!

जुनी वाहने अधिक धूर ओकतात आणि वारसा-वाहने रस्त्यावर क्वचित येतात, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु मग कसोटी धुराची आणि वापराची असावी. आठवडी बाजारापुरती बाहेर पडणारी मोटारसायकल तरी असा कितीसा प्रवास करते?

असा पक्षपात या जिल्ह्याने पूर्वीही पाहिला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत सुमारे ६५ कोटी रुपयांच्या जवळपास दीडशे मर्सिडीज मोटारी एकाच वेळी विकत घेतल्या गेल्या. त्यासाठी स्टेट बँकेने ७ टक्के दराने कर्ज दिले. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला त्या काळी याहून कितीतरी चढा दर मोजावा लागत होता. ज्याला पत त्याला स्वस्त पैसा, हा बाजाराचा न्याय असेल. सार्वजनिक बँकेने तोच आपला मानण्याचे कारण नाही.

करविषयक कायद्यातही हीच विसंगती आहे. चित्र वा शिल्प विकून झालेला भांडवली नफा करपात्र ठरतो. वैयक्तिक वापराच्या मोटारीचा ठरत नाही. कोट्यवधींची जुनी मोटार ही कलाकृती आहे असे तिचे चाहते सांगतात. मग कलाकृतीसारखा तिच्यावर करही असावा.

कार्यकर्त्यांनी दोन मागण्या लावून धराव्यात. संग्राह्य मोटारींच्या विक्रीतील नफ्यावर कर बसावा आणि धुराची चाचणी उतरलेल्या, घरातल्या एकमेव जुन्या वाहनाला पूर्वीचेच शुल्क लागावे. जुने यंत्र चालते ठेवणारे हात दोन्हीकडे सारख्याच कसबाचे असतात. कायद्याने त्या कसबाची किंमत मालकाच्या खिशावरून ठरवू नये.